पाय भिजले त्याला वाटा

मी आयुष्यात कधी धावले नाही. बस सुटताना दिसली तरी जागेवरून हाक मारते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेल्यामुळे माझा आवाज पायांच्या आधी पोचतो. अशा बाईच्या घरी, वरच्या खोलीत, देशाच्या संघातली धावपटू भाड्यानं राहायला यावी, ही देवाची चेष्टाच म्हणायची.

जयवंती तिचं नाव. मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरची. सरावासाठी नाशिकला आली. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, हे मी तिला सामान ठेवण्याआधीच ऐकवलं. ती "बरं काकू" म्हणाली, आणि आठवडा उलटायच्या आत तिच्या सरांचा फोन आला की मुलीला अंडी लागतात. मग आमचा तह झाला. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणि टरफलं पिशवीत गाठ मारून थेट घंटागाडीत. या तहाच्या अंड्यांवर पोरगी रिलेच्या संघात पोचली. रिले म्हणजे चार जणींनी एकेक फेरी पळायची आणि हातातली दांडी पुढचीला द्यायची, एवढं मला तिच्यामुळे कळलं. संघात मात्र चारांहून जास्त जणी असतात, आणि जयवंती आधीच्या दोन्ही मोठ्या स्पर्धांत त्या जास्तींत होती. राखीव म्हणून गेली, राखीव म्हणून आली.

या खेपेला परदेशात सगळ्या खेळांचा मोठा मेळा होता. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता ती म्हणाली, "काकू, आता परत रिकाम्या हातानं आले ना, तर ती गच्चीवरची शेगडी तुम्ही कुणालातरी देऊन टाका. मी गावाला जाईन."

"आणि करशील काय?"

"नागली लावीन."

ती हसून बोलली, पण तिच्या हसण्याला मी ओळखून आहे. जाताना एवढंच मागितलं, "शर्यतीच्या वेळी आईकडे जाल? तिला एकटीला कळायचं नाही काय चाललंय ते." मला तरी कुठे कळत होतं? पण मी हो म्हटलं. माझ्याकडे इंटरनेटचा फोन होता आणि रिकामा वेळ तर विचारूच नका.

मोखाड्याकडे

नाशिकहून जव्हारला जाणाऱ्या बसनं त्र्यंबकेश्वर सोडलं की जग बदलतं. आमच्याकडे गणपती गेले की हिरवा रंग विटायला लागतो. इथे डोंगराच्या उतारावर नागली, म्हणजे आपली नाचणी, तांबूस व्हायला लागलेली, खाचरातलं भात पिवळं पडू पाहणारं, आणि मधल्या सगळ्या जागेत रानफुलं. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर एक कोंबडा होता. तो पूर्ण प्रवासभर माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होता. बहुतेक त्याला आमच्या घरचे नियम कळले असावेत, कारण माझ्याजवळ तो फारच निर्धास्त होता.

मोखाड्याला आठवड्याचा बाजार होता. सुकी मासळी, लाल मिरच्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि शाळेची दप्तरं एकाच ओळीत मांडलेली. नाकाला पदर लावून मी त्यातून वाट काढत असताना मागून कुणीतरी विचारलं, "जयवंतीच्या मालकीणबाई का?"

हा किसन. याची जीप आमच्या पुढच्या सगळ्या कथेत आहे, म्हणून त्याचं वर्णन करते. जीप जुनी, किसन तरुण, आणि दोघांनाही ब्रेक लावायची सवय नाही. आत माणसं इतकी होती की किसन स्वतः अर्धा बाहेर बसून चालवत होता. मी म्हटलं, "अरे, तूच पडशील." तो म्हणाला, "मी पडलो तरी गाडी वाट जानते, बाई." यानं मला धीर येईल असं त्याला खरोखर वाटत होतं.

पाड्यावर सोमीबाई, म्हणजे जयवंतीची आई, वाटेतच उभी होती. बारीक चणीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी वाकून नमस्कार करणार तेवढ्यात तिनं माझ्या हातात हातभर लांब काकडी दिली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. तिच्याकडे काकडीच देतात, आत पाणी असतंच. तिचा नवरा ठाण्याला बांधकामावर होता. घरात दोघीच. रात्री नागलीची भाकर, अंबाडीची भाजी आणि कोरा चहा झाला. मी अंबाडी दोनदा मागून घेतली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

"जयू सांगत व्हती, तुमी काय बी खात नाय."

"अंडं, मासळी, मटण नाही. बाकी सगळं खाते."

"मंग बाकी ऱ्हायलं काय?" तिनं खरंच विचारलं.

टेकडीवर

पहिली शर्यत सकाळी होती. या फेरीत पुढे आलेले संघच शेवटच्या शर्यतीला जाणार होते. पाड्यावर टीव्ही एकाच्या घरी होता आणि त्याची वीज आदल्या आठवड्यापासून गेलेली. पण मागच्या टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली रेंज येते, असं कळलं. झाडाखाली म्हणजे झाडाखाली. दोन पावलं इकडे तिकडे झालं की गेली. त्यामुळे माझा तळहाताएवढा फोन खोडाला दोरीनं बांधला आणि अख्खा पाडा त्याच्यासमोर बसला.

सगळ्यात पुढे रावजीबाबा. पाड्यावरचं सगळ्यांत जुनं माणूस. काही वाटायचं असलं, मग ती मासळी असो, मध असो नाहीतर भांडण असो, ते रावजीबाबाच वाटतात. त्यांना लांबचं स्पष्ट दिसतं, जवळचं दिसत नाही. ते फोनपासून इतके लांब जाऊन बसले की त्यांना फोन दिसला, पण फोनमधलं काही दिसेना.

"बाई, तू वरड," ते म्हणाले. "आमी आयकतो."

आणि अशा रीतीनं मी जन्मात पहिल्यांदा समालोचन केलं. "आपली पहिली मुलगी निघाली! चौथ्या नंबरावर आहे! तिसऱ्या! आता दांडी दिली! दुसरी पळतेय! जयवंती उभी आहे, बघा, ती बघा, हात मागे केलाय..."

आणि चित्र थांबलं. जयवंतीचा हात मागे, दुसरीचा हात पुढे, दांडी दोघींच्या मध्ये, आणि त्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. सगळा पाडा त्या चक्राकडे बघत होता. एक म्हातारी म्हणाली, "गोल गोल लय पळते पोर." तिला वाटलं तेच मैदान.

चक्र थांबलं तेव्हा शर्यत संपलेली होती. पडद्यावर आपला संघ दुसरा होता आणि जयवंती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. मी ओरडले, "पोचलो! शेवटच्या शर्यतीत पोचलो!" लोकांनी असा आवाज केला की झाडावरचे होले उडाले. सोमीबाई मात्र फोनजवळ गेली, पडद्यावरच्या जयवंतीच्या पायांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "घाम पुसाया फडका नाय दिला कोनी." आणि रडायला लागली. मीही रडले. मला आवरतं घ्यायची सवय नाही.

डोहाची गोष्ट

शेवटची शर्यत दुसऱ्या दिवशी होती. सकाळच्या शर्यतीनंतरचा वेळ रिकामा आहे असं मला वाटलं, पण त्याच दिवशी पाड्याचा डोह उपसायचा होता. पाऊस सरला, ओहोळाचं पाणी उतरलं, की सगळे मिळून एका डोहाला दगडमातीचा बांध घालतात, आतलं पाणी हंडे, घमेली, पातेली, मिळेल त्यानं बाहेर काढतात, आणि तळाशी राहिलेली मासळी वाटून घेतात. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे पाण्यात. मी काठावर एका दगडावर छत्री घेऊन बसले आणि "अरे, तिकडून फुटतंय, माती टाका," असं मार्गदर्शन करू लागले. कुणी मागितलं नव्हतं.

ज्या दगडावर बसले होते त्यावर शेवाळ होतं. याहून जास्त सांगत नाही. छत्रीसकट मी डोहात गेले. पाणी तोवर मांडीइतकंच उरलेलं, त्यामुळे जिवाला धोका नव्हता, अब्रूचा प्रश्न होता. पण मी पडल्यानं तळचा सगळा गाळ ढवळला आणि कपारीतली सापासारखी लांब, भली मोठी वाम मासळी सळसळत बाहेर आली. बायकांनी ती पकडली. मला कुणी धरायला आलं नाही, आधी वाम धरली.

मग वाटणी. सागाची पानं ओळीनं मांडली. रावजीबाबा उकिडवे बसले आणि एकेका पानावर खेकडा, झिंगे, बोटभर मासे ठेवत गेले. हात असा चालत होता जसा आमच्या पंगतीत मीठ-लिंबू वाढणाऱ्याचा चालतो. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. सोमीबाईच्या पुढ्यात तीन पानं होती. मी विचारलं तर म्हणाली, "येक माजा, येक जयूच्या बापाचा, येक जयूचा."

"पण ते दोघं तर इथे नाहीत!"

रावजीबाबांनी मान वर केली. "पाय भिजले त्याला वाटा. कामाला गेलेल्याचं पाय तिकडच्या पान्यात भिजत्यात. त्याला बी वाटा."

मला हे फार आवडलं. नाशिकला जाऊन भिशीत सांगायचं असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात त्यांनी एक पान माझ्यापुढे सरकवलं. त्यावर वामीचा तुकडा आणि एक जिवंत खेकडा होता. खेकडा माझ्याकडे चालत निघाला.

"अहो नको नको! मी काय केलं? मी तर नुसती पडले."

मी हे आपल्या पद्धतीनं म्हटलं. आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोण विचारतं? दुसऱ्या आग्रहाला घेतात. पण रावजीबाबांचा हात थांबला.  त्यांनी माझं पान उचललं, मग शेजारचं उचललं, मग त्याच्या शेजारचं, आणि सगळ्यांचे वाटे परत एका ढिगात ओतले.

"काय झालं?" मी सोमीबाईला हळूच विचारलं.

"वाटा नाकारला ना तुमी. मंग समद्यांचा मोडला. परत करावा लागल."

बाबा पुन्हा मांडायला लागले. मला वाईट वाटलं, म्हणून मदत करावी या हेतूनं मी म्हटलं, "बाबा, माझा वाटा सोमीबाईच्या पानावर टाका ना."

"मंग तिचं दोन व्हतील," ते म्हणाले, आणि ढीग तिसऱ्यांदा एकत्र झाला. ऊन चढलं होतं. पोरं भुकेनं कुरकुरत होती. खेकडे पळून जात होते, आणि त्यांना धरून आणणारे माझ्याकडे बघून धरून आणत होते. किसन लांबून ओरडला, "बाई, घेऊन टाका हो, मला मोखाड्याला फेरी हाय!"

शेवटी सोमीबाई माझ्या कानाशी आली. "खानं येगळं, वाटा येगळा. घेतल्यावर कोनालाबी द्या. पर घ्या. नको बोलल्याव डोह रुसतो, पुढच्या वर्सी मासा देत नाय."

मी दोन्ही हात पुढे केले. पान हातात आलं. खेकड्यानं माझ्या अंगठ्याला चिमटा घेतला आणि अख्खा पाडा हसला. संध्याकाळी सोमीबाईनं माझा, नवऱ्याचा आणि जयवंतीचा असे तीन वाटे काडीला ओवून चुलीवरच्या खिळ्याला सुकायला टांगले. मी त्या चुलीपासून जमेल तितक्या लांब अंथरूण घातलं. घर एकाच खोलीचं होतं, त्यामुळे जमलं काहीच नाही.

जव्हार

शेवटची शर्यत झाडाला बांधलेल्या फोनवर बघायची नाही, असं पाड्यानं ठरवलं. जव्हारच्या बाजारात टीव्हीचं दुकान आहे. तिथे भिंतभर टीव्ही लावलेले असतात. किसननं जीप भरली. रावजीबाबा पुढे बसले, कारण त्यांना लांबचं दिसतं.

दुकानदार भला माणूस. देशाच्या संघातल्या मुलीची आई आलीय म्हटल्यावर त्यानं सगळे टीव्ही एकाच चॅनलला लावले आणि सोमीबाईला स्टुलावर बसवलं. बाजारातले लोक गोळा झाले. संघ मैदानात आला. एकेकीचं नाव, एकेकीचा चेहरा. पहिली. दुसरी. तिसरी. चौथी.

"जयू कुठं हाय?" सोमीबाईनं विचारलं.

मी एकेका पडद्यावर तिला शोधत होते. भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर जयवंती नव्हती. ज्या मुलीनं तिच्या स्वतःच्या शर्यतीसाठी पहिल्या फेरीत विश्रांती घेतली होती, ती आता परत आली होती, आणि जयवंतीची जागा गेली होती. संघात असंच करतात, यात कुणाचं पाप नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी तिच्या सरांना मनात जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

शर्यत सुरू झाली. खरं सांगते, काय पळाल्या त्या पोरी! शेवटच्या वळणावर आपली मुलगी पाचवी होती. तिथून तिनं एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं, आणि रेषेवर छाती पुढे काढून तिसरी आली. कांस्यपदक! दुकान फुटेल असा आवाज झाला. दुकानदारानं ओळखीच्या नसलेल्या माणसाला मिठी मारली. मीही उड्या मारल्या, मग सोमीबाईकडे पाहिलं आणि मध्येच थांबले. आमच्या जीपमधली माणसं हसावं की नाही ते न कळून एकमेकांकडे बघत होती.

"कसलं मिळलं?" रावजीबाबांनी विचारलं.

"काशाचं, बाबा."

"वाटी?"

"नाही हो, पदक. गळ्यात घालायचं."

"काश्याची वाटी दिली असती तं बरं झालं असतं," सोमीबाई म्हणाली. "पोरीचं तळपाय घासले असते. लय उष्णता हाय तिच्या पायात."

मग बक्षीस समारंभ लागला. चार मुली चढल्या, चार पदकं चार गळ्यांत पडली. रावजीबाबा उठले, टीव्हीपासून मागे मागे सरकत रस्त्यावर गेले आणि तिथून डोळे बारीक करून बघू लागले.

"चार झालं," ते रस्त्यावरून ओरडले. "पाचवा वाटा कुठं ठिवलाय?"

आता मी शिकलेली बाई. मी समजावलं, "बाबा, जयवंती आज पळाली नाही. पळाल्या त्यांना मिळालं. नियम असतो तसा."

"काल पळली नवं?"

"काल पळाली."

"काल नसती पळली तं आज ह्या कुठून आल्या असत्या?"

"आल्या नसत्या. पण..."

"मंग पाय भिजले," ते म्हणाले. "वाटनारा चुकला." आणि दुकानदाराला, जणू त्यानंच वाटलं होतं, म्हणाले, "परत मांडाया सांग."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. परत मांडणं म्हणजे काय ते मला आदल्याच दिवशी कळलं होतं.

शिरपामाळ

जयवंतीचा फोन येत नव्हता. मी लावला की बंद. सोमीबाई तिच्या स्टुलावरून उठत नव्हती. शेवटी किसन म्हणाला, "शिरपामाळावर जाऊ. तिथं वारा बी हाय, रेंज बी हाय." त्याच्या मते जगातली सगळी दुःखं या दोन गोष्टींनी बरी होतात.

शिरपामाळ गावापासून जवळच. मोकळा उंच माळ, खाली दरी, आणि वाऱ्यानं पदर डोक्यावर टिकत नाही. शिवाजी महाराज सुरतेला जाताना इथे थांबले आणि जव्हारच्या राजानं त्यांच्या शिरावर तुरा खोवला, असं सांगतात. आलेल्या माणसांचे फोटो काढणं चालू होतं. किसननं मला सगळी कथा ऐकवली, महाराज कुठे बसले, घोडा कुठे बांधला ते दाखवलं. घोड्याची जागा त्यानं दोनदा बदलली.

तिथेच फोन वाजला.

"काकू," जयवंती म्हणाली. आवाज बसलेला. "बघितलंत ना?"

"बघितलं ग. तू जेवलीस का?" मला दुसरं काही सुचेना.

"काकू, एक सांगते, आईला नका सांगू. मला पण दिलं त्यांनी. पहिल्या फेरीत पळणारीला पण देतात. समारंभात नाही देत, नंतर खोलीत बोलावून दिलं. मी बॅगेत तळाशी घातलंय. ते माझं नाही. मी उद्या सरांना परत देणारे." मग म्हणाली, "ती शेगडी तुम्ही देऊन टाका."

वारा इतका होता की ऐकू यावं म्हणून मी फोनचा आवाज मोठा ठेवला होता. फोनवरचं दोघांत ठेवायचं हे मी नोकरीभर पाळलं, निवृत्तीनंतर या एकाच वेळी माळावरच्या सगळ्यांनी ऐकलं. सोमीबाईनं माझ्या हातातून फोन घेतला. तो उलटा धरला. किसननं सुलटा केला.

"जयू."

 पलीकडून बारीक आवाजात, "आई, मी नाय पळले आज."

"काल पळलीस?"

"पळले."

"तुजे पाय भिजले का नाय?"

  पलीकडून पोरीचं हमसून हमसून रडणं ऐकू आलं. आजवर तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं, हरून आली तेव्हासुद्धा नाही.

"भिजले, आई."

"मंग वाटा हाय तुजा. मागं दिला तं त्या बाकीच्या पोरींचा बी मोडतो. परत मांडावं लागंल समद्यांला. तुला चाललं?"

"नाय."

"मंग घाल गळ्यात. आनि हितं ये. तुजी मासळी टांगली हाय." तिनं फोन माझ्याकडे दिला, तोंड पुसलं आणि दरीकडे बघत उभी राहिली.

रावजीबाबांना सगळं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "पाचवा गावला का?"

"गावला," किसन ओरडला. "बॅगंत व्हता!"

"मी बोललोच," बाबा म्हणाले. "वाटनारा येवडा येडा नसतो." आणि महाराज बसले होते त्या जागेवर, किंवा किसनच्या म्हणण्याप्रमाणे घोडा बांधला होता त्या जागेवर, ते आरामात बसले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

परत नाशिकला

माझा वाटा मी नाशिकला आणला. सोमीबाईनं तो सुकवून, पानात गुंडाळून, वर माझ्याच जुन्या रुमालाची गाठ मारून दिला. बसमध्ये माझ्या आजूबाजूला बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, "काकू, तुम्ही त्यातल्या दिसत नाही." मी म्हटलं, "मीही परवापर्यंत तेच समजत होते." घरी आल्यावर तो गच्चीवर, टाकीमागे, शेगडीशेजारी डब्यात ठेवला. शेगडी कुणाला दिली नव्हती. पुसून मात्र ठेवली होती.

जयवंती आधी पाड्यावर गेली. तिथे तिला ढोल वाजवत नेलं, मोखाड्यात सत्कार झाला, भाषणं झाली. पदक बघायला पाहुणे पाड्यावर गेले, तेव्हा सोमीबाईनं ते चुलीवरच्या खिळ्यावरून काढून दिलं. जयूची मासळी खाऊन झाली, तोच खिळा रिकामा होता, म्हणून पदक तिथे टांगलं, असं तिनं पाहुण्यांना सांगितलं. फोटोत पाहुण्यांनी पदक धरलंय, पण नाकापासून बरंच लांब.

दिवाळीनंतर ती नाशिकला आली. पाया पडली, बॅगेतून एक पायमोजा काढला आणि मोज्यातून पदक. धुरानं त्याची फीत काळपट झाली होती.

"काकू, थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्या. तुमचा वाटा."

"अगं, मी काय..." असं म्हणता म्हणता मी तोंड मिटलं. डोळ्यांसमोर सागाची पानं आली, आणि ओतला जाणारा ढीग. मी मान खाली केली. तिनं ते माझ्या गळ्यात घातलं. चांगलंच जड असतं. आणि त्याला वामीचा वास येत होता, इतका की देवघरातली उदबत्ती हरली.

"काकू, वास येतोय का हो?"

"येतोय," मी म्हटलं. "जा, वर जा. शेगडी पुसून ठेवलीय. अंडी आणलीत मी."